शॉकअप नंतर, आधी टायर बघा : ऑफिस आणि मातीच्या वाटांसाठी एकच सायकल

सायकलच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा येतो, "गिअरवाली हवी का?" मग दुकानदार एखाद्या सायकलचं हँडल धरून पुढचं चाक धरणारा फोर्क दोनदा खाली दाबून दाखवतो. "बघा, शॉकअप आहे. खड्डे कळणारसुद्धा नाहीत." बरीचशी खरेदी या दोन दाबांवर ठरते. ज्याला सोमवार ते शुक्रवार पुण्यात कोथरूडहून कॅम्पात ऑफिसला जायचंय आणि रविवारी खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे किंवा मुळशीच्या आतल्या गावांत मातीच्या रस्त्यांवर भटकायचंय, त्याने मात्र इथे जरा थांबावं. आराम त्या फोर्कमध्ये फारसा नसतो. तो असतो टायरमध्ये, आणि सायकल तुमच्या अंगाला बसते की नाही यात.

हे थोडं उलटं वाटतं, म्हणून टायरपासूनच सुरुवात करू.

टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६२२ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात ज्याला '७००सी' म्हणतात आणि ज्याला '२९ इंची' म्हणतात, ते दोन्ही ६२२च आहेत. नावं वेगळी, रिम एकाच मापाचं. '२७.५' म्हणजे ५८४ आणि एमटीबीचं (माउंटन बाइकचं) जुनं '२६ इंची' म्हणजे ५५९. गंमत अशी की दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचं २८ इंची चाक ६३५चं असतं, म्हणजे त्याचं रिम २९ इंचीपेक्षा मोठं. इंचांच्या या गोंधळात न पडता मिलिमीटरचा आकडा वाचायची सवय लावून घ्या. ट्यूब विकत घेतानाही तोच कामाला येतो.

आता रुंदी. समजा तुमचं वजन ७० किलो, सायकल १४ किलोची आणि पाठीवर ४ किलोची बॅग. एकूण ८८ किलो. सरळ बसून सायकल चालवताना यातला साठ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ५२-५३ किलो. हा भार पेलते ती आतली हवा. अरुंद २८ मिमी टायरमध्ये मागे ८० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) घरात हवा ठेवावी लागते, नाहीतर खड्ड्यात रिम थेट आदळतं. ४० मिमी टायर तेवढंच वजन ४०-४५ पीएसआयवर आरामात पेलतो. दाब निम्मा, म्हणजे जमिनीला टेकणारा रबराचा ठसा जवळजवळ दुप्पट, आणि खडीचा एखादा दगड चाकाखाली आला तर टायर त्याच्याभोवती दबून पुढे सरकतो. कडक टायरला ते जमत नाही. तो अख्खी सायकल वर उचलतो, तुमच्यासकट.

फ्रँक बर्टो नावाच्या अमेरिकी अभियंत्याने पुष्कळ टायर मोजून एक आडाखा बसवला होता : तुम्ही सायकलवर बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के खाली दबला पाहिजे. ४० मिमी टायर असेल तर सुमारे ६ मिमी. भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. मागचा टायर जरा पोटाशी फुगलेला दिसला तर हवा बरोबर आहे. अजिबात दबला नसेल तर हवा जास्त आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरून आणलेली हवा बहुतेकदा जास्तच असते, कारण 'टणक' म्हणजे 'चांगली भरलेली' असा आपल्याकडे पक्का समज आहे. टायरवर छापलेला पीएसआयचा आकडा ही वरची मर्यादा असते. तेवढी हवा भरा असं तो सांगत नाही. मीटर असलेला पायपंप घरी ठेवणं हा आरामावरचा सगळ्यात स्वस्त खर्च.

"पण जाड टायर म्हणजे सायकल जड चालणार ना?" गुळगुळीत डांबरावरसुद्धा हा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि आपल्या रस्त्यांवर हिशेब उलटा होऊ शकतो. कडक टायरवर प्रत्येक धक्क्याने अंग हलतं, आणि ते अंग हलवायला लागलेली ताकद तुमच्याच पायांतून गेलेली असते. हे शर्यतवाल्यांनाही उशिरा पटलं. टूर द फ्रान्समध्ये एकेकाळी २३ मिमीचे टायर सर्रास असत. आता २८-३० मिमी हे नेहमीचं झालंय, तेही युरोपातल्या रस्त्यांवर. आपण कोणत्या रस्त्यावर चालवतो ते मी सांगायला नको.

तेव्हा ऑफिस आणि माती दोन्हीसाठी ३८ ते ४५ मिमी ही माझ्या मते सोन्यासारखी रुंदी. मधला भाग जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला छोटी नक्षी असलेला टायर घ्या. मोठ्या ठोकळ्यांचा एमटीबी टायर डांबरावर घूं घूं आवाज करतो, लवकर झिजतो आणि ऑफिसच्या रस्त्यावर ताकद खातो. आठवडाभराच्या अंतराचा हिशेब केला तर बहुतेकांची रपेट ऐंशी टक्के डांबरावरच होते.

मग शॉकअपचं काय?

पुढच्या फोर्कमधलं सस्पेन्शन वाईट असतं असं नाही. स्वस्तातलं सस्पेन्शन वाईट असतं. चांगल्या फोर्कमध्ये स्प्रिंगबरोबर तेलाची यंत्रणा असते. दबलेला फोर्क किती वेगाने परत वर यायचा ते ती ठरवते. स्वस्त फोर्कमध्ये नुसती लोखंडी स्प्रिंग असते. खड्ड्यात ती दबते आणि मग जोरात परत उसळते, हँडल हातात नाचतं. त्याचं वजन अडीच किलोच्या आसपास, तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा सरळ फोर्क एक किलोच्या घरात. वर हे की घाटात उभं राहून पॅडल मारताना प्रत्येक पावलाला तो दबतो आणि थोडी ताकद त्यात जिरते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर सीलमधून चिखल आत जातो आणि फोर्क गंजून घट्ट बसतो. मग तुमच्याकडे एक महागडा, जड, न हलणारा फोर्क उरतो.

डबल शॉकअपच्या स्वस्त सायकलींबद्दल तर एवढंच म्हणेन की त्या शाळकरी मुलांना दिसायला आवडतात.

इतिहासातही याला आधार आहे. माउंटन बाइक हा प्रकार कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर जन्मला. १९७६ साली तिथे 'रीपॅक' नावाच्या शर्यती सुरू झाल्या. मुलं जुन्या बलून (फुगीर, जाड) टायरच्या सायकली घेऊन धुळीच्या, दगडांच्या रस्त्यावरून खाली सुटायची. उतरेपर्यंत मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून 'रीपॅक'. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला तो १९८९ मध्ये. मधली तेरा वर्षं ही पोरं डोंगरावरून उतरत होती ती फक्त जाड टायरवर. रविवारी पानशेतच्या वाटेला लागणाऱ्याला त्याहून जास्त काय लागणार?

जिथे शॉकअप खरोखर लागतं अशा जागा आहेत. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणचे मोठे सुटे दगड, पावसाने खणलेल्या घळी, पायरीसारखे उतार. असल्या वाटाच तुमची आवड असेल तर चांगल्या फोर्कची एमटीबी घ्या आणि ऑफिसला जाताना थोडी जास्त मेहनत होणार हे मान्य करा. (टेकडीवर जाण्याआधी तिथे सायकलला परवानगी आहे का तेही पाहा. सकाळी फिरायला येणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची तिथे नेहमीच गोडीगुलाबी असते असं नाही.) पण गावाकडची पाणंद, कालव्याकडेची वाट, धरणामागचे मुरमाचे रस्ते, कोकणातली जांभ्याची लाल वाट, यांना जाड टायर पुरतो.

बसता कसे, यावर सगळं आहे

टायर बदलता येतो. फ्रेमचं माप चुकलं तर फारसं काही करता येत नाही. त्यामुळे दुकानात टायरनंतर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फ्रेमचे दोन आकडे कंपनीच्या वेबसाइटवर मिळतात : स्टॅक आणि रीच. पॅडल जिथे फिरतं त्या मध्यापासून हँडलची नळी किती वर आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर तुम्ही सरळ बसता. मान वर करून ट्रॅफिक दिसतं, कंबरेवर ताण येत नाही. उलट असेल तर तुम्ही पुढे लवंडता. हवा कापायला ते बरं, पण रिक्षाच्या मागून वाट काढताना नाही. ऑफिसच्या सायकलवर पाठ साधारण साठ अंशात असावी. अगदी काटकोनात सरळ बसलं तरी बरं नाही, कारण मग प्रत्येक खड्डा थेट कण्यात जातो.

सीटची उंची हा आपल्याकडचा जुना रोग. लहानपणी 'दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत' असं शिकवलेलं असतं आणि ते डोक्यात पक्कं राहतं. दोन्ही पाय सपाट टेकतात म्हणजे सीट खूप खाली आहे. मग गुडघे छातीकडे येतात आणि तासाभराने गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. बरोबर उंची शोधायची सोपी रीत अशी : भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात जेवढा वाक हवा तेवढा आपोआप येतो. आकड्यात हवं असेल तर अनवाणी, भिंतीला टेकून उभं राहा, मांड्यांच्या मध्ये घट्ट वरपर्यंत एक पुस्तक दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडल ज्याभोवती फिरतं त्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतची उंची मिळते. माप ८० सेंमी आलं तर सुमारे ७०.५ सेंमी. सिग्नलला थांबताना सीटवर बसून राहायचं नाही, पुढे सरकून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकायचे. चार दिवसांत सवय होते.

गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट थोडी जास्त वर आहे. हाताला मुंग्या येत असतील तर बहुधा हँडल दूर आहे किंवा सीटचं नाक खाली झुकलंय आणि सगळा भार तळव्यांवर येतोय. आधी सीट आडवी सपाट करा, तरी भागलं नाही तर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बसवा. ही थोडक्या पैशांची किंवा फुकटची दुरुस्ती असते. लोक मात्र ग्लव्हज घेऊन येतात.

आता प्रत्यक्ष सीट. दुकानात अंगठ्याने दाबून जी मऊ लागते ती आपण निवडतो. ती पहिले दहा मिनिटं छान वाटते. खरं वजन पेलायला हवं ते बैठकीच्या दोन हाडांनी. गादी फार मऊ असेल तर ती हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. पाऊण तासाने जो बधिरपणा येतो तो त्यातूनच. त्यामुळे सीट जरा टणक, पण तुमच्या हाडांएवढी रुंद हवी. रुंदी मोजायला खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, तो कडक खुर्चीवर ठेवून बसा, पाय थोडे उचला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि सीट त्याहून दोन-तीन सेंमी रुंद घ्या. बायकांचं हे अंतर सरासरीने जास्त असतं, त्यामुळे नवऱ्याची उतरलेली सीट बायकोच्या सायकलला लावणं हा बचतीचा मार्ग नव्हे. आणि तुम्ही जितके सरळ बसता तितकी सीट रुंद लागते.

फ्रेम स्टीलची, अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची, यावर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. टायर ४० मिमीचा असेल तर त्यातला फरक तुम्हाला जाणवण्याची शक्यता कमीच. पुढे जाऊ.

२१ गिअर म्हणजे नेमके किती?

पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणून एकवीस. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात आणि चेन तिरकी जाते म्हणून काही वापरायचेच नसतात. त्यामुळे एकूण आकडा विसरा आणि दोनच गोष्टी विचारा : सगळ्यात हलका गिअर कोणता आणि सगळ्यात जड कोणता.

पुढच्या चकतीच्या दातांना मागच्या चकतीच्या दातांनी भागायचं. ४० मिमी टायरच्या ७००सी चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पुढे ३८ आणि मागे ३४ दात असतील तर गुणोत्तर १.१, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल अंदाजे अडीच मीटर जाते. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर १.८ मीटर. हा फरक सिंहगडच्या वळणांवर समजतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि गड सुमारे १,३०० मीटरवर. गडाचा रस्ता यातला बहुतेक चढ काही किलोमीटरमध्ये उरकतो. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर १.८ मीटरच्या गिअरमध्ये ताशी साडेसहा किलोमीटरने, बोलत बोलत, चढता येतं. जुन्या बिनगिअरच्या सायकलला हे गुणोत्तर अडीचच्या आसपास असतं. त्या सायकलवरून गड चढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

दिवसाचं ऑफिस आणि अधूनमधून बोपदेव किंवा कात्रजचा घाट एवढंच असेल तर सगळ्यात हलकं गुणोत्तर एकच्या जवळ, किंवा गुडघे कुरकुरणारे असतील तर एकच्या खाली हवं. मागे ११-३४ (लहान चकती ११ दातांची, मोठी ३४ची) किंवा त्याहून मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, असेल तर पुढे दोन चकत्या पुरतात. अलीकडे पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट अशीही मांडणी येते. डावा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) नसल्यामुळे बिघडायला एक वस्तू कमी, शहरात ती सोयीची.

एक गोष्ट दुकानात नीट विचारा : मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील? स्वस्त सात गिअरच्या सायकलींना बहुतेकदा हबवर आट्यांनी फिरवून घट्ट बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात अ‍ॅक्सलला (चाकाच्या मधल्या आसाला) आधार देणारं बेअरिंग आत राहतं, आणि वजनदार माणूस खड्ड्यांतून रोज गेला तर अ‍ॅक्सल वाकण्याचा धोका राहतो. आठ-नऊ गिअरची कॅसेट घेतली तर तो धोका बराच टळतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात : डिस्क घ्या. रिमला घासणारे ब्रेक उन्हाळ्यात उत्तम चालतात, पण पावसाळ्यात ओल्या रिमवर पकड उशिरा येते, आणि रस्त्यावरची वाळू रबरात अडकून रिम खरवडत राहते. डिस्कमध्ये केबलवाली, म्हणजे मेकॅनिकल, आणि तेलावर चालणारी हायड्रॉलिक, असे दोन प्रकार. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं आणि घाट उतरताना हात दुखत नाहीत. केबलवाली कुठल्याही गावात पाना आणि केबल मिळाली की दुरुस्त होते. लांब भटकंतीची हौस असेल तर केबलवाली वाईट नाही.

जे कॅटलॉगमध्ये दिसत नाही

दख्खनच्या काळ्या मातीला एक वाईट सवय आहे. पहिल्या पावसानंतर ती टायरला चिकटते, चाकाबरोबर वर येते आणि फ्रेम-फोर्कच्या मधल्या जागेत साठत जाते. काही मिनिटांत चाक फिरायचं थांबतं. सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं आणि काटकीने माती उकरत बसावं लागतं. त्यामुळे टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर, मडगार्ड बसवूनही, बोटभर मोकळी जागा हवी. ४० मिमीचा टायर 'बसतो' आणि 'मोकळा बसतो' यात फरक आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात न जाणं हाही एक मार्ग. तेव्हा मुरमाचे रस्ते धरा.

बाभळीचे काटे दुसरं दुखणं. पाणंदीच्या कडेची बाभूळ तोडून कुंपणाला नेलेली असते आणि वाटेत काटे सांडलेले असतात. कोणताही टायर यापुढे हात टेकतो. जाड पट्टीचे पंक्चर-रोधक टायर थोडी मदत करतात. ट्यूबमध्ये सीलंट भरलं तर बारीक काटे आपोआप बुजतात, पण त्यासाठी व्हॉल्व्हची सुई काढता येणारी ट्यूब हवी. स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह म्हणजे श्रेडर. त्यात पेट्रोलपंपावरही हवा भरता येते. बारीक, वर नट असलेला व्हॉल्व्ह प्रेस्टा. त्याला गावाकडे पंप मिळत नाही, अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवावा लागतो. आणि ७००x४० ची ट्यूब महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेल या भरवशावर निघू नका. एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप सीटखाली बांधून ठेवा.

फ्रेमला मागे कॅरिअर आणि मडगार्डसाठी स्क्रूची भोकं आहेत का ते पाहा. लॅपटॉप पाठीवर घेऊन मे महिन्यात सायकल चालवली तर शर्टाचं जे होतं त्यासाठी ऑफिसात दुसरा शर्ट ठेवावा लागतो. कॅरिअरला टांगायची बॅग असेल तर पाठ मोकळी राहते. फक्त टाच बॅगेला लागत नाही ना, तेवढं पाहा.

हे सगळं एकत्र केलं की दुकानातल्या कोणत्या रांगेपुढे उभं राहायचं ते ठरतं. 'हायब्रिड' लिहिलेल्या, सपाट हँडलच्या, सरळ फोर्कच्या, डिस्क ब्रेकच्या आणि निदान ४० मिमी टायर मोकळा बसेल अशा सायकली पाहा. ज्यांना वाकडं, खाली वळलेलं हँडल आवडतं आणि जरा लांबच्या रपेटी करायच्या आहेत त्यांना ग्रॅव्हल बाइक चालेल, पण ती महाग आणि ट्रॅफिकमध्ये ब्रेकपर्यंत हात नेण्याची सवय करावी लागते. अरुंद टायरची, शर्यतीच्या धर्तीची रोडबाइक या कामाला नको. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्याआधीच्या किमतींशी तुलना करताना ते लक्षात असू द्या. आणि ठरवलेल्या पैशातले दोन-तीन हजार दिवे, कुलूप, मडगार्ड आणि पंपासाठी बाजूला काढून मगच सायकलची किंमत बघा.

चक्कर मारायला दिली की पार्किंगमध्ये गोल फिरून परत येऊ नका. आधी हवा तपासायला सांगा, सीट तुमच्या उंचीला लावून घ्या, मग पंधरा-वीस मिनिटं बाहेर खराब रस्ता आणि एखादा चढ शोधा. शक्य असेल तर रोजची बॅगही घेऊन जा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

नवी सायकल घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात केबल ताणल्या जातात आणि आरे थोडे सैल पडतात. गिअर कटकट करू लागतात, चाक जरा डगमगतं. यात बिघाड काही नसतो, सगळं जागेवर बसत असतं. ती पहिली फुकट सर्व्हिसिंग टाळू नका, आणि तेव्हाच मेकॅनिकला सांगून तुमच्या सीटच्या नळीवर मार्करने उंचीची खूण करून घ्या. घरात दुसऱ्या कुणी सायकल नेली तरी तुमची सीट तुम्हाला परत सापडेल.